४० नग, ३१ उत्तरे : आरएफआयडी टॅगचे १४ महिने

तयार कपड्यांच्या आमच्या गोदामात आणि त्याला लागून असलेल्या विक्रीदालनात बारकोडऐवजी आरएफआयडी टॅगवर, म्हणजे रेडिओ लहरींनी दुरून वाचता येणाऱ्या चिपच्या लेबलांवर, साठा मोजायला सुरुवात केली, त्याला आता १४ महिने होत आले. हे टॅग वाचणाऱ्या यंत्राचा, म्हणजे रीडरचा, पल्ला किती, सेकंदाला किती टॅग वाचले जातात, ही माहिती वाचकांनी कुठे ना कुठे वाचलेली असणारच, म्हणून ती पुन्हा उगाळत नाही. लिहायला बसण्याचे कारण वेगळे आहे. गेल्या साठा मोजणीत एकाच नमुन्याच्या, पण वेगवेगळ्या मापांच्या शर्टांच्या फळीवरून रीडर फिरवला आणि पडद्यावर ३१ हा आकडा आला. फळीवर शर्ट ४० होते. आम्ही दोघांनी ते स्वतंत्रपणे हाताने मोजले आणि दोघांचेही उत्तर ४० आले. जवळजवळ चौथा भाग साठा दिसेनासा करणारे यंत्र मी मोजणीसाठी विकत घेतले आहे, ही जाणीव त्या संध्याकाळी फारशी सुखद नव्हती.

पुरवठादाराच्या सेवा विभागाला कळवल्यावर तंत्रज्ञांच्या तीन फेऱ्या झाल्या आणि प्रत्येक फेरीत निराळे कारण सांगितले गेले. पहिल्या फेरीत सांगितले, की घड्या घालून एकावर एक रचलेल्या शर्टांचे टॅग एकमेकांना अगदी चिकटून असतात, त्यामुळे त्यांचे अँटेना परस्परांची ऊर्जा हिरावून घेतात. हे तत्त्वतः खरे आहे. या टॅगमध्ये स्वतःची बॅटरी नसते. रीडरने सोडलेल्या लहरींवरच चिप जागी होते आणि त्याच लहरी कमीअधिक परावर्तित करून उत्तर देते, तेव्हा जिथे ऊर्जा पोहोचत नाही तिथून उत्तरही येत नाही. हे सिद्ध करण्यासाठी त्यांनी एकेक शर्ट शेजारच्या खोलीत नेऊन वाचून दाखवला आणि ४० च्या ४० टॅग व्यवस्थित वाचले गेले. म्हणजे टॅग उत्तम, रीडर उत्तम, दोष काय तो आमच्या घड्यांचा.

दुसऱ्या फेरीत रीडरची शक्ती कमाल पातळीला नेली आणि आकडा ३१ वरून ३५ वर गेला. तंत्रज्ञांनी समाधानाने तक्रारनिवारणाचा अर्ज सहीसाठी पुढे केला. मापानुसार यादी उघडली तर त्यात ४४ मापाचे चार शर्ट होते, आणि त्या फळीवर ४४ माप मुळात ठेवलेलेच नव्हते. ते चार शर्ट प्लायवूडच्या पडद्यामागे, परत आलेल्या आणि डागाळलेल्या मालाच्या कप्प्यात पडलेले होते. ८६० ते ९६० मेगाहर्ट्झ या पट्ट्यातल्या लहरींना प्लायवूड, पुठ्ठा किंवा कापड यांची फारशी अडचण होत नाही. म्हणून तर खोका न उघडता आतला माल मोजता येतो आणि म्हणूनच नको तो मालही मोजला जातो. मी सही केली नाही आणि शक्ती पुन्हा कमी करायला लावली. आकडा पुन्हा ३१. तिसऱ्या फेरीत लोखंडी मांडण्यांवर ठपका आला. मांडण्या बदलण्याचा सल्ला दिला गेला, तो अर्थात सेवा करारात बसत नव्हता.

आता माझ्या मूळ तक्रारीकडे येते. ती आकड्यापेक्षा आवाजाची आहे आणि ती वाचून काहींना हसू येईल, तरी लिहिते. बारकोडच्या यंत्राला बीप होता. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी एका सुपरमार्केटमध्ये च्युइंगमचे पाकीट बारकोडवरून बिलात चढले, तेव्हापासून काउंटरवर बसणाऱ्या माणसाच्या हाताला आणि कानाला एक सवय लागली आहे : नग हातात घ्यायचा, पट्टी किरणासमोर धरायची, आवाज आला की तो नग झाला. आवाज आला नाही तर तो नग अजून आपल्या हातात असतो, आपण पट्टी पुसतो, ताणतो, शेवटी खालचे आकडे बोटांनी टाइप करतो. चूक झाली तरी ती डोळ्यांसमोर होते. तो बीप म्हणजे त्या नगाची पोच असते.

आरएफआयडी रीडर फिरवताना आवाज येतो, पण तो पत्र्यावर पाऊस पडावा तसा सरसकट. त्यातला कोणता टिपका कोणत्या शर्टाचा, हे कानाला कळत नाही. त्याहून वाईट म्हणजे जो टॅग वाचला गेला नाही, त्याची कुठलीही खूण उरत नाही. रीडर समोरच्या सगळ्या टॅगना मिळून सांगतो, की इतके क्रमांक आहेत, त्यातला एक आपापल्या मनाने निवडा; ज्याचा क्रमांक येतो तो टॅग १६ बिटांची एक यादृच्छिक संख्या उच्चारतो, रीडर तीच संख्या परत म्हणून दाखवतो, मग टॅग आपली खरी ओळख सांगतो. दोघांनी एकच क्रमांक निवडला तर टक्कर होते आणि पुढच्या फेरीत पुन्हा प्रयत्न होतो. योजना देखणी आहे यात शंका नाही, पण हजेरी घेणाऱ्या गुरुजींच्या हातात पटच नाही. जे ओरडले ते हजर, आणि जे ओरडले नाहीत ते गैरहजर होते, झोपले होते, की वर्गात नव्हतेच, हे हजेरीवरून समजत नाही.

याच शांततेने आम्हाला तिसऱ्या महिन्यात एकदा फसवले होते. काम लवकर उरकावे म्हणून दोन मुले दोन रीडर घेऊन एकाच रांगेत दोन्ही टोकांकडून मोजत आली आणि दोघांचेही आकडे अर्धवट आले. एकदा वाचला गेलेला टॅग काही काळ गप्प बसतो, म्हणजे त्याच त्या टॅगची बडबड होऊन इतरांना अडथळा होत नाही. मात्र दोन्ही रीडर एकाच सत्रावर, म्हणजे कोण वाचला गेला याच्या एकाच नोंदीवर, लावलेले असतील, तर एकाने गप्प केलेला टॅग दुसऱ्यालाही उत्तर देत नाही. अशी चार स्वतंत्र सत्रे या टॅगच्या ठरलेल्या मानकातच ठेवलेली आहेत, ती नेमकी या अडचणीसाठी. माहितीपुस्तिकेत हे वाक्य होते, पण यंत्र बसवून देणाऱ्यांनी ते कधी तोंडातून काढले नाही.

येथपर्यंतचा मजकूर मी रागाच्या भरात लिहून ठेवला होता. त्यानंतर तीन आठवडे गेले, आणि त्या तीन आठवड्यांत जे उघडकीला आले त्यामुळे वरच्यापैकी बरेच काही दुरुस्त करणे भाग आहे. वरचे खोडलेले मात्र नाही, कारण अशी तूट पाहणारा दुसरा कोणीही याच वाटेने जाईल असे मला वाटते.

मोजणीचे काम करणाऱ्या आमच्या तरुण सहकाऱ्याने एके दिवशी साधा प्रश्न विचारला : रोज एकतीसच का? लहरींचा खेळ असता तर आकडा कधी २९, कधी ३४ असा हलता राहिला असता. त्याने शर्ट घड्या मोडून टेबलावर पसरले, लोखंडापासून दूर नेले, उलटसुलट केले. शक्ती तीच ठेवली तर उत्तर दर वेळी ३१. पसरलेल्या शर्टांचे आणि रचलेल्या शर्टांचे उत्तर एकच येत असेल, तर दोष रचण्यात नाही हे उघड होते. मग त्याने एकेक शर्ट वाचून प्रत्येकाचा पूर्ण क्रमांक कागदावर उतरवला. पहिल्या फेरीत तंत्रज्ञांनी हीच चाचणी केली होती, पण तेव्हा टॅग वाचला जातो की नाही एवढेच पाहिले गेले. कोणता क्रमांक आला, ते कोणीही, मीसुद्धा, पाहिले नाही. कागदावर ४० ओळी झाल्या आणि त्यात वेगळे क्रमांक फक्त ३१ होते. नऊ शर्टांना जुळे होते.

हे कसे झाले ते सांगण्यापूर्वी क्रमांकाची घडण सांगितली पाहिजे. बारकोड वस्तूचा प्रकार सांगतो : अमुक उत्पादकाचा, अमुक नमुन्याचा, अमुक मापाचा शर्ट. त्या प्रकारचे हजार नग असले तरी बारकोड एकच. टॅगमध्ये प्रकाराच्या पुढे प्रत्येक नगाचा स्वतःचा अनुक्रमांकही असतो. प्रचलित ९६ बिटांच्या रचनेत त्यासाठी ३८ बिटे राखलेली आहेत, म्हणजे एकेका प्रकारासाठी सुमारे २७ हजार ४८७ कोटी वेगळे अनुक्रमांक. एवढ्या अफाट जागेत आमच्या दोन शर्टांना एकच क्रमांक मिळावा, ही किमया आपोआप होत नाही. ती करून दाखवावी लागते, आणि ती मी केली होती.

सहाव्या महिन्यात गर्दीच्या हंगामापूर्वी लेबले छापायला एक प्रिंटर पुरेना. हा प्रिंटर लेबलावर मजकूर छापतानाच आतल्या चिपमध्ये क्रमांक लिहितो, आणि लिहिणे फसले तर त्या लेबलावर बाद असा शिक्का उमटवून पुढे सरकतो. त्यामुळे तो साध्या प्रिंटरपेक्षा बराच महाग असतो. पुरवठादाराकडून दुसरा नवीन घेण्याऐवजी मी बाहेरून एक वापरलेला प्रिंटर मिळवला आणि तो गोदामातल्या दुसऱ्या संगणकाला जोडला. किती पैसे वाचवले ते मी त्या आठवड्यात भेटेल त्याला सांगत होते. त्या संगणकावर लेबलांची आज्ञावली नव्याने बसवली गेली आणि तिने प्रत्येक नमुन्याचे अनुक्रमांक १ पासून सुरू केले. पहिल्या संगणकानेही ते कधी काळी १ पासूनच सुरू केलेले होते. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. ज्या नमुन्यांची लेबले दोन्हीकडे छापली गेली, त्यांत जुळी निपजली. रीडर एकच ओळख शंभर वेळा ऐकू आली तरी ती एकदाच मोजतो, कारण एकच टॅग वारंवार ऐकू येणे हा त्याचा नित्याचा अनुभव आहे. त्याच्या लेखी दोन शर्ट म्हणजे दोनदा ऐकू आलेला एक शर्ट.

खात्रीसाठी चिपच्या दुसऱ्या कप्प्यात पाहिले. कारखान्यात चिप तयार होतानाच तिच्यात एक ओळखक्रमांक कायमचा कोरला जातो, तो आपल्याला बदलता येत नाही. आमच्या चिपमधला हा क्रमांक प्रत्येकीचा वेगळा असतो आणि नेहमीच्या मोजणीत तो विचारला जात नाही, कारण वेळ जास्त लागतो. तो विचारला आणि ४० शर्टांतून ४० वेगळे क्रमांक बाहेर आले. इतके महिने माल फळीवरच होता.

यात मला सर्वांत लागलेली गोष्ट आकड्याची नव्हे. दुसऱ्या प्रिंटरचा उपयोग आम्ही मुख्यतः सर्वाधिक खपणाऱ्या ४० आणि ४२ मापांची जादा लेबले काढायला केला, त्यामुळे तूट नेमकी त्याच मापांत दिसत होती. चोरीला जाणारी मापेही साधारणपणे तीच असतात. मधल्या काळात गोदामातल्या दोन माणसांच्या पिशव्या जाता-येता तपासल्या गेल्या, आणि तो आदेश माझा होता. दोघांची माफी मागितली. त्यांनी ती मोठ्या मनाने स्वीकारली असे त्यांनी सांगितले. मला त्यांच्या चेहऱ्यांवरून तसे वाटले नाही.

बीपबद्दलचे माझे मतही येथे डळमळले. जुन्या यंत्राने ही फळी मोजली असती तर ४० बीप झाले असते आणि जुळ्यांचा प्रश्नच आला नसता, कारण बारकोडच्या जगात सगळे शर्ट एकमेकांचे जुळेच असतात. पण त्याच कारणाने काउंटरवर काय चालत असे, ते टॅग आल्यावर कळले. गिऱ्हाईक १२ शर्ट घेऊन आले की घाईत एकच शर्ट किरणासमोर १२ वेळा धरला जाई. बीप १२, शर्ट १२, बिल बरोबर, सगळे खूश. मात्र त्यात पाच शर्ट ४० मापाचे आणि सात ४२ चे असतील तर साठ्याच्या नोंदीत एक माप वर आणि दुसरे खाली, दोन्ही चुकीची. ती चूक वर्षअखेरीच्या मोजणीपर्यंत कोणालाही दिसत नसे, आणि तेव्हाही एकूण बेरीज जुळल्यामुळे झाकली मूठ तशीच राही. ज्या बीपला मी पोच म्हणत होते, ती पोच नगाची नसून प्रकाराची होती. टॅगच्या व्यवस्थेने आमची नऊ नगांची चूक आरडाओरडा करून दाखवली. बारकोडने किती दडवल्या, त्याचा हिशेब आता लागणे नाही.

तरीही न वाचलेल्या टॅगच्या शांततेबद्दलची तक्रार मी मागे घेत नाही. त्यावर उपाय एकच सापडला, आणि तो हजेरीपट आधी हातात घेण्याचा. पेटी भरतानाच तिच्यातल्या नगांची यादी पेटीच्या क्रमांकाशी बांधायची आणि मग वाचन त्या यादीशी ताडून पाहायचे. असे केले की यंत्र फक्त आकडा सांगून थांबत नाही, जे वाचले गेले नाहीत त्यांची नावेही सांगते. आज्ञावलीत ही सोय पहिल्या दिवसापासून होती, पण ती जावक मालासाठी आहे असे समजून आम्ही फळ्यांसाठी ती कधी वापरली नाही.

काही गोष्टी थोडक्यात. धातूच्या पाण्याच्या बाटल्यांवर साधा टॅग निरुपयोगी आहे. धातू लहरी परतवतो आणि अँटेनाचा सूर बिघडवतो, आणि धातूवर चालणारे जाड टॅग इतके महाग पडतात की बाटल्या आम्ही बारकोडवरच ठेवल्या. द्रवाने भरलेल्या बाटल्यांची गतही वेगळी नाही, पाणी या लहरी शोषून घेते. विक्रीनंतर टॅग ३२ बिटांच्या गुप्त संकेतासह दिलेल्या आज्ञेने कायमचा निकामी करता येतो. आम्ही ते करत नाही, कारण परत आलेला माल मग वाचताच येत नाही. टॅग टांगत्या पुठ्ठ्यात आहे, तो घरी गेल्यावर कापून टाकावा असे बिलावर छापले आहे. प्रत्येक कापलेल्या पुठ्ठ्याबरोबर धडधाकट चिप कचऱ्यात जाते, याचा मला अजूनही जीव तुटतो. बारकोड कचऱ्यात गेला तर जाते ती फक्त शाई.

आनंदाची एक बाब मात्र सांगायलाच हवी, कारण तीही आवाजाचीच आहे. हातातल्या रीडरला एखादा विशिष्ट नग शोधायला सांगता येतो. मग तो इतर सर्वांकडे दुर्लक्ष करून त्या एकाच टॅगचा आवाज देतो आणि आपण जवळ जाऊ तसा तो आवाज दाट होत जातो. चुकीच्या फळीवर टाकलेला एक शर्ट शोधायला पूर्वी अर्धा दिवस जाई, आता काही मिनिटे लागतात. पहिल्यांदा तो मिळाला तेव्हा मी लहान मुलासारखी दुसरा एक मुद्दाम लपवून ठेवून पुन्हा शोधला. एकदा मात्र आवाज कपडे बदलण्याच्या खोलीतल्या आरशासमोर शिगेला पोहोचला आणि आरशात माझ्याशिवाय कोणीच नव्हते. आरशामागच्या धातूच्या लेपावरून लहरी परावर्तित होत होत्या. शर्ट माझ्या पाठीमागे खुंटीवर होता.

सेवा विभागाशी चाललेला वाद अजून मिटलेला नाही. त्यांचे म्हणणे असे, की बाहेरून आणलेल्या प्रिंटरने घातलेला घोळ करारात येत नाही, तेव्हा तीन फेऱ्यांचे पैसे आम्ही द्यावेत. चूक माझी होती हे मी लेखी कळवले आहे. पण ४० टॅग एकेक वाचून दाखवणाऱ्या तंत्रज्ञांना पडद्यावरचे आवर्ती क्रमांक दिसायला हवे होते, आणि चारचौघांत कमाल शक्ती लावून भलताच माल मोजून दाखवणे ही दुरुस्ती नव्हे, हेही कळवले आहे. पहिल्या फेरीचे पैसे मी देईन. दुसरीचे देणार नाही. तिसरीबद्दल माझे मन अजून ठरत नाही, कारण मांडण्या लोखंडी आहेत हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते.

जुळ्या शर्टांना नवी लेबले लावून झाली, बाकी नमुन्यांतली जुळी शोधण्याचे काम रोज संध्याकाळी तासभर चालू आहे. अनुक्रमांक आता एकाच संगणकावरून दिले जातात. स्वस्तात घेतलेला प्रिंटर विकायला काढला होता, पण घेतलेल्या किमतीला कोणी विचारेना, म्हणून त्याची चिप लिहिण्याची सोय बंद करून तो खोक्यांवरचे साधे बारकोड छापायला ठेवला आहे, आणि ते काम तो बिनतक्रार करतो.